पोबजे, मु. पो. तळणखेड

रेशनच्या दुकानात, तहसीलमध्ये, एस.टी.च्या पासाच्या खिडकीत
मला आडनाव दोनदा सांगावं लागतं.
"पोपळे?"
"पोबजे. पोटातला पो, बकरीतला ब, जेवणातला जे."
"कोन्या लोकाइतलं हाये हे?"
विचारणारा खरं तर वेगळंच विचारत असतो.
मी म्हणतो, "तळणखेडचं."
त्याचं समाधान होत नाही. शिक्का मात्र उठतो.

अडाण नदीच्या अंगाला जिनिंग होती.
रुई दाबायचे तिथं आता रुईचीच झाडं,
आणि चिमणीचं अर्धं बूड.
बॉयलरवर साहेब होता, पॉबजॉय.
त्याच्या हाताखाली कोळसा ओढायला पैकू,
माझ्या आज्याचा बाप.
त्याआधी तो माळ्यावर उभा राहून
ज्वारीवरचे राघू हाकलायचा गोफणीनं;
नेम चांगला, म्हणून मुकादमानं उचलला.
कोळशाला नेम कशाला लागतो, हे कोणी सांगितलं नाही.

हजेरीच्या बुकात तीन पैकू झाले.
एक गाडीवानाचा, एक आंधळ्या बायजाचा.
तिसऱ्यापुढं कारकुनानं टाक बुडवून लिहिलं:
पोबज्याचा.
आज्याच्या दाखल्यावर मास्तरनं ते नीट केलं, आपल्या परीनं.

"पैकूच्या पोराचे डोये घारे कसे बापा?"
पाणवठ्यावर बाया विचारायच्या.
"मांजरीचेबी असतेत," पणजी म्हणायची,
आणि घागर डोक्यावर घ्यायची.
एवढंच आमच्या घरात चालत आलं आहे, वाक्य आणि घागर.
घागरीला आता भोक आहे.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी विलायतेहून पाकीट आलं.
बाई त्याच आडनावाची, हिलरी, वय एकोणऐंशी,
नावाची माणसं मोजत बसलेली.
तिच्या पणज्याच्या वेळी एका ओढ्याकाठच्या चार खेड्यांत
एकोणतीस उंबरे होते.
मग कोळशाच्या खाणींनी काही नेले, जहाजांनी काही,
दोन लढायांनी बरेच.
आता तिच्या यादीत अकरा जण,
त्यातले सहा बिनलग्नाचे, म्हातारे.
जुन्या बुकात तिला तळणखेड सापडलं होतं.
तिकडं कोणी उरलंय का?

धनश्रीनं इंग्रजीत लिहिलं, मी सांगत गेलो.
गावात दोन घरं, एकाला कुलूप.
कुलूपवाला बुटीबोरीत, रंगाच्या कारखान्यात.
दिग्रसला शिवणयंत्र चालवणारा मुकुंदा.
एक सुरतेला गेला, त्याचा फोन लागत नाही,
त्याला धरायचं का?
मुली मोजायच्या का?
रेवताआत्या सत्तावन्न वर्षं डाखोरे आहे,
पण तिच्या सासरच्या गावात अजून म्हणतात,
पोबज्याची रेवता.
मी सांगितलं, लिही. धर.
धनश्रीनं न विचारता स्वतःलाही धरलं,
तिचं लग्न दिवाळीनंतर आहे.
एकूण चौदा झाले.
साहेबापेक्षा आम्ही तीनानं जास्त.

रक्ताचं तिनं काही विचारलं नाही.
मीही लिहिलं नाही.

तिचं दुसरं पत्र तुरीला शेंग धरली तेव्हा आलं.
खाली शाईच्या पेनानं दोन ओळी:
तुम्हाला ठाऊक असेलच,
आमच्या जुन्या बोलीत या नावाचा अर्थ राघू.

मला ठाऊक नव्हतं.
मी ओट्यावर एकटाच हसलो,
समोरचा पानठेलेवाला म्हणाला, "काय झालं काका?"
काय सांगणार.
जन्मभर ज्यांना दगड मारले
त्यांचंच नाव पैकूला लागलं,
आणि तो ते घालून निजला, उठला, मेला,
कोणाला कळलं नाही, ना साहेबाला, ना राघूंना.

नातवाच्या कार्डावर यंदा छापून आलंय:
पोपटे.
दुरुस्तीचा अर्ज मी तेव्हाच भरला होता,
फोटो चिकटवून, सही करून.
मंगळवारी तहसीलला जायचं होतं.
ते तीन मंगळवार झाले.
अर्ज डब्यात आहे, विलायतेच्या पाकिटाखाली.